काटा झोपलाय, गिअरबॉक्स नाही!

गाडी पळतेय आणि स्पीडोमीटर शून्यावर? ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीय? लगेच मोठ्ठ्या बिलाच्या धास्तीने घामाघूम होऊ नका. बऱ्याचदा गुन्हेगार असतो अंगठ्याएवढा एक सेन्सर. आणि कधीकधी तर तोही नाही! घरच्या अंगणात, चार हत्यारांनिशी हा पेच कसा सोडवायचा आणि कुठे हात आवरायचा, याची ही उजळणी.

समजा, पावसाळ्यानंतरचा एक मस्त शनिवार आहे. पुण्याची गँग ताम्हिणी उतरून आणि मुंबईची गँग पेण-नागोठणे मागे टाकून कोलाडला भेटलीय. भिऱ्याच्या वीज केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर कुंडलिकेतलं राफ्टिंग झालंय. आता ओले कपडे बदलून रोह्याच्या मित्राकडे जेवायला जायचंय. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. नेमकं तेव्हाच कुणाचं तरी लक्ष डॅशबोर्डकडे जातं. गाडी झक्कास पळतेय, पण काटा शून्यावर ढिम्म! शेजारी एक पिवळा दिवाही लागलाय. कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा प्रवास रोह्यापासून सुरू होतो हे मान्य, पण म्हणून आपला मीटरही रोह्यात शून्यावर यायला हवा असं थोडंच आहे?

मग गाडीत तज्ज्ञांची परिषद भरते. एक म्हणतो, मीटर गेला. दुसरा म्हणतो, छे, गिअरबॉक्सच गेला. तिसरा मोबाइलवर टोइंगवाल्याचा नंबर शोधायला लागतो. ईएमआय अजून संपलेले नसतात, त्यामुळे गाडीच्या मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

थांबा. परिषद बरखास्त करा. गिअरबॉक्सला काही झालेलं नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे. काही झालंय ते बहुतेक त्याच्या ‘सांगणाऱ्या’ला.

दात मोजणारा पठ्ठ्या

आपल्या बाबांच्या जमान्यातल्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सपासून स्पीडोमीटरपर्यंत एक फिरती केबल जायची. केबल तुटली की काटा पडायचा. सरळ हिशेब. पुढे केबलची जागा सेन्सरने घेतली. गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टवर दातेरी चाक असतं आणि त्याच्या अगदी जवळ, बाहेरून घुसवलेला हा सेन्सर बसलेला असतो. एकेक दात समोरून गेला की तो एकेक विजेचा ठोका पाठवतो. सेकंदाला किती ठोके आले यावरून गाडीचा कॉम्प्युटर वेग काढतो. काही गाड्यांत सेन्सरच्या टोकालाच छोटा प्लॅस्टिकचा गिअर असतो, पण काम तेच.

यात दोन जाती आहेत. पहिली, दोन वायरींची. चुंबकाभोवती गुंडाळलेली तारेची कॉइल. लोखंडी दात जवळून गेला की तिच्यात वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, शाळेत आपण मार्कांसाठी घोकलेलं! दुसरी, तीन वायरींची. ती एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या ‘हॉल इफेक्ट’वर चालते. एका वायरीतून तिला वीज पुरवावी लागते, दुसरी अर्थ आणि तिसरीतून ठोके बाहेर येतात. या दोन जाती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आता गंमत बघा. वेगाचा हा आकडा फक्त काट्यासाठी नसतो. इंजिनचा कॉम्प्युटर तो वापरतो, म्हणून सिग्नल गेला की काही गाड्या सिग्नलला थांबताना गचके खातात किंवा बंद पडतात. काही गाड्यांचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग वेगानुसार हलकं-जड होतं, तेही बावचळतं. क्रूझ कंट्रोल चालत नाही. ओडोमीटर थांबतो, म्हणजे सर्व्हिसिंगचा हिशेब चुकतो आणि उद्या गाडी विकताना खरे किलोमीटर किती यावर वाद होतो.

ऑटोमॅटिक गाडीत तर मामला आणखी नाजूक. तिथे गिअरबॉक्समध्ये जाणारा आणि बाहेर पडणारा, अशा दोन्ही वेगांवर नजर असते. एक आकडा गायब झाला की कॉम्प्युटर रिस्क घेत नाही. तो गाडीला ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो, म्हणजे एकाच गिअरमध्ये लंगडत घरी जाण्यापुरती परवानगी देतो. आपल्याला वाटतं, गिअरबॉक्स मेला. खरं तर त्याला वाचवण्यासाठीच हा सगळा प्रपंच असतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे

डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. हाच ओबीडी पोर्ट. भारतात २०१० मध्ये बीएस-४ सोबत ओबीडीची पहिली पायरी आली आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. त्यानंतरची गाडी असेल तर ब्लूटूथवाला छोटा डाँगल लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. ‘पी ०५००’ म्हणजे गाडीच्या वेगाचा सेन्सर. ‘पी ०७१५’ म्हणजे गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या वेगाचा आणि ‘पी ०७२०’ म्हणजे बाहेर पडणाऱ्या वेगाचा. एक अडचण मात्र आहे. स्वस्त डाँगल इंजिनचे कोड वाचतो, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी बोलणं त्याला दर वेळी जमतंच असं नाही.

कोड मिळाला की बरेच जण थेट सेन्सर विकत घ्यायला धावतात. इथेच खरी मेख आहे. कोड पार्टचं नाव सांगत नाही. तो सांगतो, या सर्किटमधून मला येणारी माहिती पटण्यासारखी नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, वायरी, फ्यूज, अर्थ आणि पलीकडचा कॉम्प्युटर, अशी आख्खी वरात. यातला कुणीही रुसला तरी कोड एकच!

हे समजून घ्यायला रोह्याइतकी चांगली जागा नाही. शेजारच्या धाटाव एमआयडीसीत केमिकल कंपन्यांच्या रांगा आहेत आणि रोह्यातल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी तिथे शिफ्टला जातं. त्यांना विचारा. कंट्रोल रूममध्ये रिअॅक्टरच्या टेम्परेचरचं रीडिंग अचानक शून्यावर आलं, तर रिअॅक्टर गार पडला असं कुणी समजत नाही. शेजारची रीडिंग्ज पाहिली जातात, मग इन्स्ट्रुमेंटवाला जाऊन वायर आणि कनेक्शन तपासतो. पार्ट बदलायचा विचार त्यानंतरचा. गाडीलाही हीच शिस्त लावायची. आणि घरात असा इन्स्ट्रुमेंटवाला काका-मामा असेल तर त्याला एक कप चहावर पटवायला काय हरकत आहे?

आधी वायर, मग पाकीट

कोकणात गाडीच्या वायरिंगचे शत्रू तीन. एक, पाऊस आणि दमट हवा. त्याने कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढतो. दोन, खड्डे. मुंबई-गोवा हायवेवर रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्या काळात या रस्त्याने किती गाड्यांची हाडं खिळखिळी केली ते वेगळं सांगायला नको. हिसक्यांनी कपलर सैल होतो, वायर घासली जाते. आणि तीन, उंदीर! घराशेजारी भाताची कणगी आणि बाजूला उबदार बॉनेट, म्हणजे त्यांची चंगळच. पेणचे गणपती जगभर जातात, त्यांचं वाहन मात्र इथेच राहून आपल्या वाहनाची वायर कुरतडतं.

म्हणून पहिलं काम फुकटचं. इंजिन थंड होऊ द्या, बॉनेट उघडा, सेन्सरचा कपलर शोधा. मॅन्युअल गाडीत तो बहुधा गिअरबॉक्सच्या घरावर, एकाच बोल्टने बसवलेला असतो. नक्की जागा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. वायर कुरतडलीय का? कपलर पुरता बसलाय का? आत पाणी किंवा गंज? कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून, वाळवून, ‘टक्क’ आवाज येईपर्यंत परत लावा. फ्यूज पाहा. बऱ्याच वेळा पिक्चर इथेच संपतो आणि खर्च होतो स्प्रेच्या डब्याएवढा.

नाही संपला, तर मल्टिमीटर काढा. तीन वायरींचा सेन्सर असेल तर चावी ऑन करून कपलरमधली पुरवठ्याची वायर आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. गाडीनुसार ते ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास असतं. तिथे वीजच पोचत नसेल तर सेन्सर बिचारा निर्दोष आहे! अशा सेन्सरवर ओहमचं सेटिंग लावून रेझिस्टन्स मोजायला जाऊ नका, आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडू शकतं. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मात्र ओहमच मोजायचे आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचे. मीटरने ‘ओपन’ दाखवलं तर आतली कॉइल तुटली. आता कुठे पाकीट काढायचं.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं. एबीएसवाल्या अनेक गाड्या वेगाचा आकडा चाकांवरच्या सेन्सरकडून घेतात, गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच. काट्यासोबत एबीएसचा दिवाही लागला असेल तर शोध चाकांपासून सुरू करा.

पार्ट घेताना

रोह्याच्या दुकानात मिळाला तर उत्तम, नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊस आणि पुण्यात नाना पेठ आहेच. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, चॅसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. एकाच मॉडेलमध्ये मधेच सेन्सर बदललेला असू शकतो. जुना काढला की नव्याशेजारी ठेवून पाहा. लांबी, कपलरच्या पिना, ओ-रिंग, प्लॅस्टिकचा गिअर असेल तर त्याचे दात. एका दाताचा फरक असला तरी काटा खोटं बोलायला लागतो.

अंगणातलं ऑपरेशन

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगडांची किंवा ठोकळ्यांची ओट द्या. बॅटरीची मायनस केबल काढा. सेन्सर वरूनच हाताला येत असेल तर फारच छान. खालून जायचं असेल तर नीट ऐका: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, अगदी ‘दोन मिनिटांसाठी’ही शिरायचं नाही. जॅक स्टँड हवेतच. कोकणातल्या अंगणाची माती पावसाने मऊ असते, जॅक खचतो. जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड, रुंद फळ्या टाका. स्टँड नसतील तर सरळ गॅरेजला जा. पाचशे रुपये वाचवायला बरगड्या पणाला लावण्यात काही कूल नाही.

आता क्रमाने.

एक, सेन्सरभोवतालचा चिखल ब्रशने आणि फडक्याने पुसून काढा. सेन्सर निघाला की तिथे भोक उघडं पडणार, त्यातून मातीचा कणही आत जाता कामा नये.

दोन, कपलरची खिटी दाबून तो सोडवा. वायर धरून ओढू नका.

तीन, बोल्ट काढा. बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. खाली फडकं धरा, थोडं ऑइल ठिबकेल.

चार, सेन्सर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत वर काढा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ओ-रिंग चिकटलेली असते. स्क्रू ड्रायव्हर घालून जोर केलात तर प्लॅस्टिक तुटून टोक आतच राहील आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उघडावा लागेल.

पाच, जुन्याचं टोक बघा. ते चुंबक आहे, त्यामुळे त्यावर राखाडी, मऊ लगदा जमलेला असतो. ती गिअरची नेहमीची झीज. कधीकधी सेन्सर गेलेला नसतो, या लगद्यानेच तो आंधळा झालेला असतो! पण चकाकणारे तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर काम थांबवा. ती आतल्या बिघाडाची खूण आहे, मेकॅनिकला दाखवा.

सहा, नव्याच्या ओ-रिंगला त्याच गिअर ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसवा. बोल्ट आवळून सेन्सर आत खेचायचा नाही. तसा खेचला तर त्याचा कान तुटतो.

सात, बोल्ट बेताने आवळा. गिअरबॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं असतं, मर्दुमकी दाखवली तर आटे जातात. कपलर लावा, बॅटरी जोडा, डाँगलने कोड पुसा.

सगळं जमून आलं तर तासाभराचं काम. मग एक चक्कर मारून या. शेजारी बसलेल्याने मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायचा, चालवणाऱ्याने रस्ता. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर काळजी नको, तो तसाच बनवलेला असतो. परत आल्यावर सेन्सरच्या बुडाशी ऑइल पाझरतंय का ते पाहा आणि ऑइल बरंच सांडलं असेल तर लेव्हल तपासून घ्या.

इथे हात आवरा!

सगळेच सेन्सर इतके सरळ नसतात, बॉस. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीने एएमटीवाली सेलेरिओ आणली आणि ट्रॅफिकने पिचलेल्या आपल्यासारख्यांच्या आवाक्यात ऑटोमॅटिक आली. एएमटीमध्ये गिअर टाकण्याचं काम अॅक्च्युएटर करतो आणि त्याच्या जागा ओळखणारे सेन्सर वेगळे असतात. ते बदलले की कॉम्प्युटरला त्या जागा पुन्हा शिकवाव्या लागतात. त्यासाठी कंपनीचा किंवा तसा तगडा स्कॅनर लागतो. ते अंगणात होत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांमध्ये काही सेन्सर गिअरबॉक्सच्या पोटात असतात, तिथे ऑइल पॅन उतरवावा लागतो. तेही सोडून द्या. आणि गिअर लीव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तर नवख्याने अजिबात छेडू नये. तो किंचित तिरका बसला तर गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होऊ शकते. समोर अंगणात पोरं खेळत असली तर?

गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच मिटला. पाना खाली ठेवा, सर्व्हिस सेंटरला फोन करा.

आणि दुरुस्ती लगेच होणार नसेल तर? चालू स्पीडोमीटर ही चैन नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११७ वा नियम तो मागतो. लिम्प मोडमधली गाडी घेऊन रात्री ताम्हिणी चढायचा पराक्रम करू नका. गाडी मित्राच्या अंगणात ठेवा, रोह्याहून रेल्वे आहे, एसटी आहे. सोमवारचं ऑफिस चुकत नाही.

पाना तुमचा, हक्कही तुमचा

तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला? कारण प्रश्न फक्त एका सेन्सरचा नाही. शमशेर कटारिया या ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती, की कार कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, बाहेरच्या गॅरेजची अडवणूक करू नका आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, लढाई लांबली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्यात मोबाइल आणि शेती अवजारांबरोबर गाड्याही होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं.

पण हक्क कागदावर असून भागत नाही. ‘गिअरबॉक्सचं काम निघालंय’ असं कुणी सांगितल्यावर ‘कोड कोणता आला? कपलर तपासला का? सप्लाय येतोय का?’ हे तीन प्रश्न विचारता आले, तर तो हक्क आपल्या हातात आला. स्वतः बोल्ट फिरवला नाही तरी चालेल. प्रामाणिक मेकॅनिकला असे प्रश्न आवडतात. ज्याला ते आवडत नाहीत त्याचं गॅरेज आपोआप कळतं.

डिकीत एवढं असू द्या

* ओबीडी डाँगल आणि साधा डिजिटल मल्टिमीटर
* आठ, दहा आणि बारा नंबरचे पाने
* कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, फडकी
* इन्सुलेशन टेप आणि दोन-तीन फ्यूज
* टॉर्च, हातमोजे
* गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची पानं मोबाइलमध्ये सेव्ह केलेली

हा सगळा ऐवज एका चपलेच्या खोक्यात मावतो. पुढच्या लाँग वीकएण्डला चिप्सच्या पाकिटांशेजारी तेवढी जागा नक्की निघेल!